दर पानाला दोन चुका

सभागृहात शंभर माणसं असोत नाहीतर आठ, तो प्रश्न येतोच. तुम्हाला विषय सुचतात कुठे? विचारणारा पहिल्या रांगेत बसलेला नसतो. पहिल्या रांगेला अध्यक्ष कधी आटपतात एवढीच काळजी असते. प्रश्न मागून येतो, आणि हल्ली बहुधा एखाद्या सॉफ्टवेअरवाल्या मुलाकडून, जो शनिवारीसुद्धा गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढायला विसरलेला असतो. त्याला माझी 'प्रोसेस' हवी असते. मी हसते. हसायची अजिबात इच्छा नसते, पण आयोजकांनी नारळ दिलेला असतो. मग ठरलेलं उत्तर देते: बसमध्ये, मंडईत, एसटीच्या प्रवासात, दवाखान्याच्या बाकावर. डोळे आणि कान उघडे ठेवले की झालं. माणसं माना डोलावतात. आपणही बसने जातोच की, असं प्रत्येकाला वाटतं आणि सगळे खूश होऊन बटाटेवड्याकडे वळतात.

उत्तर निम्मं खरं आहे. सव्वीस वर्षं मी एका सरकारी कचेरीत कारकुनी केली. रोज स्वारगेटला बस पकडायची, आणि बस वेळेवर यायची नाही, त्यामुळे ऐकायला भरपूर वेळ मिळायचा. दोन बायका एकमेकींशी बोलत असल्या की मी त्यांच्या मागची सीट धरायची. कचेरीतल्या रद्द झालेल्या अर्जांच्या कोऱ्या पाठीवर ते सगळं टिपून ठेवायची. दोन कादंबऱ्या त्या कागदांवर उभ्या राहिल्या. प्रवासाचं म्हणाल तर एकदा, पहिली रजा साठल्यावर, मी मुद्दाम 'अनुभव घ्यायला' म्हणून एका सहल कंपनीबरोबर हिमाचलला गेले. चाळीस पुणेकर बर्फासमोर उभे राहून चिवड्यात शेंगदाणे कमी आहेत यावर बोलत होते. दहा दिवसांत एक ओळ सुचली नाही. उलट येताना सर्दी घेऊन आले.

आणि एक जमात असते, ती माझ्या डोक्यातच जाते. लग्नात, रिक्षात, डॉक्टरकडे, कुठेही भेटते आणि सांगते, "अहो, माझ्या आयुष्यावर कादंबरी होईल." होत नाही. मी ऐकून पाहिलेल्या आहेत. बढती हुकली, भावाने जागा लाटली, जावयाने फसवलं. ज्यांच्या आयुष्याची कादंबरी होते ती माणसं असं कधी म्हणत नाहीत, कारण त्यांना ते सुचलेलंच नसतं. ते आपल्याला सुचतं. त्यांना न विचारता सुचतं, हे मात्र मी व्यासपीठावर कधी सांगत नाही.

माझी तिसरी कादंबरी लोकांना आवडते. ती कुठे सुचली ते इथे एकदाच लिहून टाकते.

कसबा पेठेत, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला टेकावं लागेल अशा एका बोळात, एक छापखाना होता. माझं पहिलं पुस्तक तिथे खिळे जुळवून छापलं गेलं. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. ती एकेक उचलून ओळ बनवायची, ओळींचं पान बनवायचं. ते काम करणारे एक गृहस्थ होते, तेव्हा पन्नाशीच्या आसपासचे. कृश, पांढरा शर्ट, डाव्या अंगठ्याचं नख ओळ दाबून धरून धरून झिजून अर्धं राहिलेलं. माझं अक्षर म्हणजे मुंग्यांनी दंगल केल्यासारखं. छापखान्याच्या मालकांनी हस्तलिखित पाहून हात जोडले होते. या गृहस्थांनी ते डोळ्यांजवळ नेलं, मान तिरकी केली आणि म्हणाले, "लागेल. आठ दिवसांत हात बसेल."

बसला. ते खिळ्यातली उलटी अक्षरं सुलट असल्यासारखी वाचायचे आणि वाचता वाचता मला झोडपायचे. "बाई, हे प्रकरण लिहिताना तुम्हालाच झोप आलेली दिसते." किंवा, "ही बाई पान चाळीसवर विधवा झाली आणि साठवर तिचा नवरा भाजी आणतोय." मला राग यायचा. माझ्या नात्यातल्या, वृत्तपत्रात परीक्षणं लिहिणाऱ्या, दिवाणखान्यात पुस्तकांची कपाटं असणाऱ्या एकाही माणसाने माझं लेखन इतकं नीट वाचलं नव्हतं. त्याचाही राग यायचा. त्यांच्या वडिलांना अक्षरओळख नव्हती. वडिलांनी मुलाला मात्र शाळेत बसवलं आणि पुढे बौद्ध धम्म घेतला, हे त्यांनी एकदाच, शाई पुसता पुसता सांगितलं होतं. आपण अक्षरं हाताळतो याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवायचे नाहीत. बोळातून जाणाऱ्या ओळखीच्याला हाक मारून "बाईंचं पुस्तक चाललंय" असं सांगायचे.

मग नव्वदीतली ती वर्षं आली. देशाची दारं उघडली म्हणे. आमच्या बोळात त्यातून एक कॉम्प्युटर आला. मालकांनी खिळ्यांची सगळी कपाटं मोडीत काढली. हातगाडीवर पोती भरून शिसं गेलं. गृहस्थ घरी बसले. घर म्हणजे बिबवेवाडीतल्या एका इमारतीत मुलाच्या दोन खोल्या. मुलगा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता. पुढे आयटीवाल्या पोरांना हिंजवडीला पोचवायचं काम त्याच्याकडे आलं. सून बारावी झालेली, हुशार. तिने क्लास लावून कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकून घेतलं आणि घरी डीटीपीची कामं घ्यायला लागली. माझ्या प्रकाशकाचंही काम तिच्याकडे जायचं, कारण माझं अक्षर पुण्यात आता दोनच माणसांना वाचता येत होतं: एक सासरे, आणि दुसरी त्यांनी शिकवलेली सून. माझं दुसरं पुस्तक तिनेच टाइप केलं.

मी त्यांना भेटायला जायची. रविवारी, कारण इतर दिवशी कचेरी. पहिल्याच रविवारी मला दिसलं की बाहेरच्या खोलीत जिथे त्यांची खाट होती तिथे आता कॉम्प्युटर होता, प्लॅस्टिकचं आवरण घातलेला, देव्हाऱ्यासारखा जपलेला. आणि खाट गॅलरीत. गॅलरीला निळं ताडपत्रीचं कापड बांधलेलं. गृहस्थ खाटेवर बसून समोरच्या इमारतीचं बांधकाम पाहत होते. सून आतून चहा घेऊन आली, कप ठेवला, आत गेली. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. परतीच्या बसमध्ये मी सीटवर बसूसुद्धा शकले नाही, उभ्या उभ्याच लिहीत होते.

पुढच्या दोन वर्षांत मी तिथे आणखी आठ-नऊ वेळा गेले असेन. दर वेळी रविवारी, दर वेळी ते गॅलरीत, दर वेळी सून आतल्या खोलीत. मी त्यांच्याशी गोड बोलायची आणि डोळ्यांनी खोली झाडून घ्यायची. कादंबरी वेगाने पुढे सरकली. यंत्राने ज्याचं काम खाल्लं असा एक म्हातारा. ज्या सुनेने ते यंत्र घरात आणलं आणि त्याची खाट वाऱ्यावर टाकली अशी एक थंड बाई. तो दिवसभर गॅलरीत बसतो, हळूहळू घरातलं फर्निचर होतो. मी गाव साताऱ्याकडचं केलं, जात बदलली, छापखान्याऐवजी तालुक्याचं एक साप्ताहिक केलं. लिहिताना तीन ठिकाणी मी रडले. कादंबरीकाराला आपल्या लिखाणावर रडू आलं की तो आपल्याला संवेदनशील समजतो. मीही समजत होते.

हस्तलिखित प्रकाशकाला दिलं. त्याच आठवड्यात बिबवेवाडीला जाऊन, स्वतःच्या कौतुकाला चटावलेल्या माणसासारखी, मी त्या गृहस्थांना सांगून आले की नवी कादंबरी तयार आहे. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, येऊ दे, वाट बघतो.

आता यातली माझी चूक वाचणाऱ्याला केव्हाच दिसली असेल. मला दिसली नाही. हस्तलिखित टायपिंगला कोणाकडे जाणार हे मला पक्कं माहीत होतं. तरी ते माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. खिळे जुळवणाऱ्या त्या माणसाला मी दहा ठिकाणी 'माझा पहिला वाचक' म्हणून मिरवलं होतं. पण तीच जागा आता त्यांच्या सुनेची आहे, आणि तीही टाइप करता करता वाचत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ती माझ्या लेखी चहा ठेवून आत जाणारी बाई होती. तिला डोळे असतात असं मी धरलंच नव्हतं.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी, ती माझ्या दारात उभी राहिली. स्वारगेटपासून चालत दहा मिनिटांवर माझं घर, दुसरा मजला. ती त्याआधी कधी आली नव्हती. हातात कापडी पिशवी. तिने आत येऊन टेबलावर हस्तलिखित ठेवलं, त्याच्यावर छापलेल्या पानांचा गठ्ठा, त्याच्यावर फ्लॉपी. म्हणाली, काम पूर्ण आहे, सगळी पानं झालेली आहेत, मोजून घ्या. मी म्हटलं, बस ना, चहा टाकते. ती बसली नाही.

"तुम्ही आमच्याकडे नऊ-दहा वेळा चहा प्यायलात," ती म्हणाली. "पुस्तकात सगळं आहे. ताडपत्री आहे, खाट आहे, माझ्या गाऊनचा रंगसुद्धा आहे. चहा नाही."

मला जे पहिलं वाटलं ते लाज नव्हती. राग होता. ही कोण मला विचारणार? मी ताठ आवाजात सांगितलं की ही कादंबरी आहे, त्यातला माणूस साताऱ्याकडचा आहे, लेखक अनेक ठिकाणांहून अनेक गोष्टी घेतो, वाचकाने त्यात स्वतःला शोधू नये. व्यासपीठावरचंच भाषण, फक्त नारळ नव्हता. तिने ते पूर्ण ऐकून घेतलं. मग गठ्ठ्यातलं एक पान अचूक काढलं आणि बोट ठेवलं. डाव्या अंगठ्याचं झिजलेलं नख. गाव, जात, धंदा, सगळं मी बदललं होतं, आणि ते नख मला सोडवलं नव्हतं.

मग ती बोलली, ते मी जसंच्या तसं सांगू शकते, कारण ती गेल्यावर मी ते लिहून ठेवलं. खाट तिनेच हलवली होती. सासऱ्यांना विचारलं नव्हतं. खोलीत प्लगपॉइंट एकच, त्याला ती काय करणार? त्याबद्दल तिला काही म्हणायचं नव्हतं, आणि मी तिला कशीही रंगवली तरी तिचं काही बिघडत नव्हतं. सुनांना असंच रंगवतात, हे तिला ठाऊक होतं. पण मी फक्त रविवारी येत होते. रविवारी प्रकाशक बंद, म्हणून काम बंद, म्हणून ते गॅलरीत. सोमवार ते शनिवार सकाळी अकरापासून दुपारी दोनपर्यंत ते कुठे बसतात ते मी पाहिलेलंच नव्हतं. कॉम्प्युटरशेजारच्या खुर्चीत बसतात. ती जे टाइप करते ते छापून त्यांच्या हातात देते आणि ते लाल पेन घेऊन तपासतात. त्यांना वाटतं, प्रकाशकाची तशी सक्त सूचना आहे. प्रकाशकाला पत्ताही नाही. त्याचा वेगळा माणूस आहे तपासायला.

"माझ्या कामात चुका होत नाहीत," ती म्हणाली. "त्यांनीच शिकवलंय. म्हणून मग दर पानाला दोन चुका मी ठेवते. त्यांना सापडायला."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर काढून घेतली.

"आता हेही लिहाल तुम्ही."

मी नाही म्हटलं. त्याच क्षणी मनात ते वाक्य कुठे बसवता येईल याचा हिशोब चालू झाला होता. ते गृहस्थ जाईपर्यंत मी थांबले, एवढीच माझी सभ्यता. ते गेले, आणि आज मी लिहिते आहे. तिची परवानगी मी मागितलेली नाही. ती देणारही नाही.

तिचं म्हणणं साधं होतं. कादंबरी छापायची तर छापा, मी अडवू शकत नाही आणि अडवणारही नाही. पण ती सासऱ्यांच्या हाती पडता कामा नये. "त्यांची कोणाला कीव येते हे त्यांना माहीत नाही," ती म्हणाली. "आमच्या घरात कोणी कोणाची कीव करत नाही. त्यांच्या वडिलांनी तेवढ्यासाठी सगळं सोडलं होतं. तुम्ही तीनशे पानं कीव केली आहे." ही पानं तिने घरी टाइप केली नव्हती. दुपारी ओळखीच्या क्लासमध्ये जाऊन केली होती, आणि रोज घरी आल्यावर सासरे विचारत होते की बाईंचं आलं का. त्या तपासण्याचं सोडलं तर लग्न होऊन आल्यापासून त्यांच्याशी ती पहिल्यांदा खोटं बोलली होती.

तिने त्यावर उपायही आणला होता. मी त्यांना सांगायचं की या वेळी काम दुसरीकडे दिलं, कारण सुनेच्या टायपिंगमध्ये चुका राहतात. त्यांना अपमान वाटेल, ते माझ्यावर भडकतील, बाईंचं पुस्तक या घरात आणायचं नाही म्हणतील. राग आला की ते वर्षानुवर्षं धरून बसतात, त्यामुळे काळजी नाही. म्हणजे आपलं निर्दोष काम तिने स्वतःहून माझ्या हातात दिलं होतं, बदनाम करायला. मी हो म्हटलं, आणि ते म्हणताना मला फारसं जड गेलं नाही, ही त्यातली वाईट गोष्ट आहे. दोन वर्षं मी तिच्याबद्दल वाईटच लिहीत आले होते. आणखी एका वाक्याने काय होणार होतं?

आणखी एक मार्ग होता. कादंबरी मागे घ्यायची, पेटीत टाकायची, बास. आम्हा दोघींपैकी कोणीच तो उच्चारला नाही. ती मला विनवणार नव्हती, आणि मी विनवल्याशिवाय ऐकणार नव्हते. खरं सांगायचं तर विनवल्यावरही ऐकलं नसतं. चांगली कादंबरी लिहून होते तेव्हा माणूस किती हलकट होतो, हे ज्याने लिहिली नाही त्याला सांगून कळणार नाही.

मी त्यांना पत्र टाकलं. चार ओळींचं, कोरडं. आठ दिवस उत्तर नाही. मला वाटलं, भडकले, ठरल्याप्रमाणे झालं.

नवव्या दिवशी, रविवारी दुपारी, ते स्वतः आले. बिबवेवाडीहून बसने, दोन जिने चढून. दार उघडलं तर हातात दोरीने बांधलेला एक जाड गठ्ठा. माझ्या आधीच्या पुस्तकाची पानं, सुनेने छापलेली आणि त्यांनी तपासलेली. ती त्यांनी जपून ठेवली होती. आत आले, खुर्चीच्या कडेवर बसले, दोरी सोडली आणि दोरीची गुंडाळी करून खिशात ठेवली. पानोपानी लाल खुणा. मी पाणी आणलं, त्यांनी पेल्याला हात लावला नाही.

भडकलेले दिसत नव्हते. तेच मला समजेना. मी भांडायच्या तयारीत होते. आवाज चढला तर काय बोलायचं हेही घोकून ठेवलं होतं. पण ते एखादा अर्ज घेऊन कचेरीत आलेल्या माणसासारखे बसले होते. म्हणाले, पोरीचं काम चोख असतं. तिची एक चूक सुटत नाही, कारण ती टाइप करते आणि मी बघतो. दोघांच्या हातून गेलेलं पान आहे हे. तेव्हा चूक राहिली असेल तर ती तिची म्हणता येणार नाही.

तेव्हा मला कळलं की आम्ही दोघींनी काय केलं आहे. तिने सासऱ्यांच्या रागाचा अंदाज बांधला होता आणि मी त्यावर विसंबले होते. पण त्या माणसाला राग यायच्या आधी काम दिसत होतं. सुनेच्या टायपिंगमध्ये चुका राहिल्या, म्हणजे तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटल्या. तपासणारे ते. आम्ही त्यांना कीव कळू नये म्हणून सांगायला गेलो, आणि त्यांना ऐकू आलं ते हे की तुमचं आता संपलं.

"किती होत्या?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, होत्या दोन-चार, एवढं काही नाही.

"दोन, का चार?"

खोटंच बोलायचं तर लहान आकडा सांगता आला असता. बहुतेक मला ते लवकर जायला हवे होते. मी म्हटलं, चार.

"चार," ते म्हणाले.

मी अजूनही बोलू शकत होते. खोटं बोलले, एकही चूक नव्हती, तुमची नजर शाबूत आहे, असं म्हणायला किती श्वास लागणार होता? पण मग त्यांनी विचारलं असतं की तसं असेल तर काम का काढून घेतलंत, आणि त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावरच्या कपाटात ती तीनशे पानं होती. ते म्हणाले असते, दाखवा. ते माझं अक्षर वाचू शकणाऱ्या जगातल्या दोन माणसांपैकी एक होते. मी गप्प बसले. त्यांना वाचवायला गप्प बसले असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मी कादंबरी वाचवत होते.

ते पानं नीट करू लागले. कडा जुळवल्या, खिशातून दोरी काढली, गाठ मारली. अर्ध्या नखाच्या अंगठ्याने गाठ घट्ट दाबली. मग म्हणाले, "बरोबर केलंत, बाई. चूक छापली गेली की ती कायमची राहते." त्या आवाजात टोमणा शोधायचा मी प्रयत्न केला. पुण्यात जन्म गेला, टोमणा मला मैलभरावरून कळतो. त्यात टोमणा नव्हता.

घरी जाऊन त्यांनी सुनेला सांगितलं की यापुढे तपासणं बंद, प्रकाशकाला दुसरा माणूस बघायला सांग. तिने समजावलं, भांडली, शेवटी एकदा खरं काय ते सांगायलाही निघाली होती. पण खरं सांगायचं म्हणजे दर पानाच्या दोन चुकांचंही सांगणं आलं, आणि ते तिच्याने झालं नाही. त्यांनी लाल पेन नातवाला चित्रं रंगवायला देऊन टाकलं. हळूहळू वर्तमानपत्रही सोडलं, डोळ्यांना त्रास होतो म्हणून. डोळ्यांच्या डॉक्टरने डोळे उत्तम आहेत म्हणून सांगितलं, त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. सकाळी अकरापासून दुपारी दोनपर्यंत ते गॅलरीतल्या खाटेवर बसू लागले, सोमवारीसुद्धा. माझी कादंबरी त्यांच्या हाती कधीच पडली नाही. म्हणजे आमची युक्ती शंभर टक्के सफल झाली. हे सगळं मला सुनेनेच फोनवर सांगितलं, एकदाच, अगदी न थांबता, आणि माझं काही ऐकून न घेता फोन ठेवला. त्यानंतर माझं कोणतंही काम तिने घेतलं नाही.

पण मला त्या दुपारचं सांगायचं आहे. ते निघाले तेव्हा मी दारात उभी राहिले. जिना उतरताना ते कठडा धरत नव्हते, दोन्ही हातांनी गठ्ठा छातीशी धरला होता आणि पाऊल टाकायच्या आधी प्रत्येक पायरी नीट बघत होते, येताना बघितली नसेल अशी. खालचं फाटक वाजेपर्यंत मी ऐकलं. मला स्वतःची किळस आली. ती खरी होती, आणि ती साधारण पाच मिनिटं टिकली.

कादंबरीचा शेवट प्रकाशकाला पटलेला नव्हता. म्हातारा गॅलरीत बसून राहतो आणि पुस्तक संपतं, त्यात काही घडत नाही, असं तो दोनदा म्हणाला होता, आणि ते खरंच होतं. मी दार लावलं, पेल्यातलं पाणी कुंडीत ओतलं आणि टेबलाशी बसले. म्हातारा 'किती होत्या' विचारतो तिथून सुरुवात केली. साडेपाचपर्यंत शेवटचं प्रकरण लिहून झालं, एका बैठकीत, क्वचितच काही खोडावं लागलं. लोकांना तेच सगळ्यात जास्त आवडतं.